मागून चालणारं माणूस

आमच्याकडं बाई नवऱ्याच्या मागून चालते. कुणी शिकवत नाही, पहिल्यापासून तसंच चालत आलंय. बांधावर, बाजारात, देवाला जाताना, सगळीकडं. माझी बायको जन्मभर तशीच चालली आणि गेल्या वर्षी नगरला, एसटी स्टँडजवळच्या चौकात, तशीच चालताना गेली. वळणाऱ्या बसच्या ड्रायव्हरनं मला हात करून जाऊ दिलं. म्हातारा गेला, रस्ता मोकळा झाला, असं समजून त्यानं गाडी सोडली. मागं अजून एक माणूस आहे हे त्याच्या डोक्यातच नव्हतं. मी पलीकडं पोचून वळून बघितलं तर नुसती बस दिसली. बायको दिसली नाही.

त्या चौकात परत पाय ठेवायचा नाही असं ठरवलं होतं. पण यंदा मोतीबिंदू काढायला नगरलाच जावं लागलं. कारखान्याचा सीझन चालू, पोराला सुट्टी मिळेना, म्हणून सून बरोबर आली. दवाखान्यातून निघालो तेव्हा माझ्या उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती. रिक्षावाल्यानं स्टँडच्या अलीकडंच उतरवलं.

"पलीकडं वळायला लई येळ लागंल. इथनंच जावा."

समोर तोच चौक. सिग्नलचा पिवळा दिवा नुसता उघडमीट करत होता. रस्त्यावरचे पांढरे पट्टे टायरनं घासून गेलेले. पोलीस झाडाच्या सावलीत मोबाईल बघत उभा. सून डोक्यावर पदर घेऊन मागं उभी होती.

"माझ्या बरोबरीनं चाल," मी म्हणालो.

"व्हय मामा," ती म्हणाली आणि तिथंच मागं राहिली. सासऱ्याच्या शेजारून चालायचं तिला जमेना.

उजवीकडचं काही दिसत नव्हतं. सगळी मान फिरवून बघावं लागायचं, तोवर दुसरं काहीतरी अंगावर यायचं. उसाचा ट्रॅक्टर गेला म्हणून पाऊल टाकलं, तर त्याच्या मागं दुसरी ट्रॉली होतीच. एक मोटारसायकलवाला ओरडला, "आजोबा, वर जायची घाई झाली का?"

"तू हो पुढं, मला जागा धर!" मी म्हणालो.

कसेबसे मधल्या डिव्हायडरपर्यंत आलो. तेवढ्यात स्टँडात वळणारी एक बस थांबली. ड्रायव्हरनं हात केला, जावा. मी निघालो. पलीकडं पाय टेकला आणि ध्यानात आलं, मागं बांगड्यांचा आवाज नाही. सगळं अंग फिरवून बघितलं. मधे बस, आणि बस हललेली.

मी तसाच माघारी रस्त्यात उतरलो. एका रिक्षानं करकचून ब्रेक दाबला. मी बसच्या पत्र्यावर दोन्ही हातांनी बडवायला लागलो.

"थांब! बाई हाय रं तिकडं! थांब!"

बस थांबली. कंडक्टर दारातून वाकला. "ओ बाबा, मरायचंय का?"

"मी न्हाई मरत! आधी पलीकडं बघ!"

बसच्या पुढून वळसा घालून गेलो. सून डिव्हायडरवरच होती, औषधांची पिशवी छातीशी धरून. एक पाऊल खाली उतरली नव्हती.

"माघारी कशाला आलात मामा? बसखाली आला असतात!" ती माझ्यावर ओरडली. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा.

"तू का न्हाई आलीस?"

"त्यानं तुमाला हात केला. मला न्हाई केला." मग खाली बघून म्हणाली, "आत्याबाईंचं काय झालं ते ध्यानात हुतं माझ्या."

मी तिचं मनगट धरलं. सासऱ्यानं सुनेचा हात धरायची आमच्याकडं रीत नाही. तसेच शेजारी शेजारी निघालो. ड्रायव्हर थांबून राहिला, मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. वाजवू दे म्हटलं. स्टँडात पोचल्यावरच हात सोडला.

आमच्या गावाला, काष्टीला उतरलो. वस्तीचा रस्ता लागला तशी सून थांबली, मी पुढं व्हायची वाट बघत.

"तू हो पुढं," मी म्हणालो.

"लोक काय म्हणतील मामा?"

"काय म्हणायचं ते मला म्हणतील. चल."

ती पुढं झाली. सारखी वळून मी येतोय का बघत होती. मी मागून चालत होतो. बायको चालताना पाठमोरी कशी दिसायची ते आठवून बघितलं. आठवेना. तिला पाठमोरं चालताना मी कधी बघितलंच नव्हतं.