पाठीला लावायचं तेल

वडिलांची कंबर दुखायची, तेव्हा आम्ही सगळं खापर भातलावणीवर फोडलं. आमच्या माण गावातली बरीचशी जमीन आयटी पार्कात गेली होती. उरलेल्या तुकड्यात ते हट्टाने भात लावायचे. खोल्यांच्या भाड्यावर घर चालतंय, मग ही हौस कशाला, म्हणून मी कायम चिडायचे. लघवीचाही त्रास होता, पण तो लेकीला कसा सांगणार? तो त्यांनी गिळला. आई रोज संध्याकाळी कोमट तेलाने त्यांची पाठ रगडायची.

मग तपासणीत प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. तो हाडात गेलाय का, हे बघायला स्कॅन केला. रिपोर्ट येईपर्यंत मी वडिलांच्या चालण्यावर डोळे लावून होते. पायरीवर ते जरा थांबले, की मी हातातलं काम टाकून उठायचे.

कॅन्सर मणक्यात पोचला होता.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. या पेशी हाडात शिरतात आणि तिथल्या पेशींना नवं हाड घडवायला लावतात. ते हाड वेडंवाकडं, कच्चं होतं. शिवाय कॅन्सरच्या पेशींना वाढायला खाद्यही हाडातूनच मिळतं.

"म्हंजी भाडेकरूच घरमालकाकडनं बांधकाम करून घेतोय," वडील म्हणाले. मला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला.

आई मात्र खुर्चीवरून उठेचना. "बाई, मी रोज चोळत व्हते वो. जोर लावून. त्यानंच पसारलं का?"

चोळल्याने पसरत नाही, डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पुन्हा सांगितलं. फक्त आता हाड नाजूक आहे, रगडू नका. आईने मान हलवली. तिला 'रगडू नका' एवढंच ऐकू गेलं होतं.

इंजेक्शनं सुरू झाली. आई वडिलांना ताटसुद्धा लांबूनच सरकवायला लागली. मला आजाराइतकीच त्या अंतराची भीती वाटायची.

एका संध्याकाळी वडील सदरा काढून तिच्याकडे पाठ करून बसले. "अगं, तेल न्हाई का आज?"

"डॉक्टरीण नको म्हनली."

"रगडू नको म्हनली. हात लावू नको, असं न्हाई म्हनली."

आईने वाटी आणली, खाली ठेवली, आणि कोरडाच तळवा त्यांच्या मणक्यावर अलगद टेकवला.

"दुखतंय का तुमाला?"

"न्हाई. ऱ्हाऊ दे तसाच."

आईला फक्त पाठ दिसत होती; मी समोर बसले होते. त्यांनी दोन्ही गुडघे घट्ट आवळून धरले होते.