राजाचा धाकटा मुलगा

गेल्या वर्षी परळच्या हॉस्पिटलात बाबांचं ऑपरेशन झालं. संध्याकाळी मी त्यांना मध्ययुगातल्या एका आर्मेनियन राजाचं चरित्र वाचून दाखवायचो. शिवडीच्या गोदीत नोकरी झाल्यामुळे दूरदेशीच्या गोष्टी त्यांना आवडत.

राणीचं लग्न लहानपणीच जबरदस्तीने लावलेलं होतं. कित्येक वर्षं ती राजाजवळ राहायला तयार नव्हती. "बरं केलं," बाबा म्हणाले. पुढे मात्र संसार झाला, मुलं झाली, आणि राणी राजाच्या आधी गेली. आमची आईही तशीच आधी गेली.

मग राजा मदत मागायला परमुलखात गेला असताना शत्रू चालून आला. त्याचे दोन मुलगे लढायला गेले. थोरला कैद झाला, धाकटा मारला गेला. राजाने किल्ले देऊन थोरल्याला सोडवून आणलं.

मी पान उलटणार, तोच बाबांनी माझा हात धरला. "थांब रे. धाकट्याचं काय लिहिलंय?"

"एवढंच आहे, बाबा."

माझा धाकटा भाऊ शाळेत असतानाच तापाने गेला. घरात त्याचा विषय कुणी काढत नसे. त्या संध्याकाळी बाबा आपणहून बोलू लागले. शिवडीच्या खाडीवर फ्लेमिंगो बघायला तो कसा हट्ट करायचा आणि येताना त्यांच्या खांद्यावर कसा झोपून जायचा, ते सांगत राहिले.

नर्स इंजेक्शन द्यायला आली. बाबांनी तिलाही सांगितलं, "मला दोन मुलगे. हा थोरला."