ओढ्यात चढलेले मासे

मुळा धरणाच्या फुगवट्याकाठी मनकर्णाबाईचा उभा जन्म गेला. नवरा वारल्यावर होडी तिनेच हाती घेतली; जोडीला धाकटा दीर बजरंग. पण अलीकडे जाळ्यात गावरान मासे दिसेनासे झाले होते. पावसाचं नवं पाणी आलं की हे मासे धरणातून ओढ्यात चढतात आणि गवतातल्या उथळ पाण्यात अंडी घालतात. आता पाऊसच वेळेवर येईना, आणि माद्यांच्या पोटातली अंडी पोटातच जिरून जात.

यंदाही जून कोरडा गेला. आषाढ सरता सरता एका दुपारी पाऊस असा कोसळला की ओढा दुथडी वाहू लागला. मासे चढले. पोटं तट्ट फुगलेली. बजरंग ओढ्याच्या तोंडाशी जाळं लावायला गेला, तशी मनकर्णा पाण्यात उतरून आडवी उभी राहिली.

"भावजी, गाभोळीची हायती ती. अंडी टाकू द्या."

"वयनी, लई दिसांनी घावत्यात. घरात काय शिजवायचं?"

"आज ही खाल्ली तर पुढल्या साली काय धरायचं?"

बजरंगने जाळं गुंडाळलं, पण तिच्याशी बोलणं टाकलं.

अंडी फुटली. केसाएवढी पिल्लं गवताच्या बुडाशी वळवळू लागली. मनकर्णा रोज जाऊन बघायची आणि हरखून घरी यायची. मग पाऊस जो गेला तो गेलाच. ऐन श्रावणात वैशाखासारखं ऊन पडलं. ओढा तुटला, त्याची डबकी झाली. पाण्यात हात घातला तर चटका बसावा. मोठे मासे चिखलात तोंडं उघडून पडले.

ती पदराने पिल्लं गाळून कळशीत घ्यायची आणि धरणाकडे पळायची. पुन्हा यायची, पुन्हा पळायची. पाय सोलले. बांधावर उभा राहून बजरंग बघत होता.

"धरू दिली असती तर पोटाला तरी लागली असती," तो म्हणाला.

ती कळशी भरून पुन्हा धरणाकडे वळली. थोड्या वेळाने तो खाली उतरला, डिझेलचा रिकामा कॅन धुतला आणि त्यात पिल्लं घेऊन तिच्या मागोमाग धरणाकडे जाऊ लागला. दिवस मावळेपर्यंत दोघं खेपा घालत राहिली.

सकाळी धरणाच्या काठाला पांढरी साय धरल्यासारखी दिसली. सगळी पिल्लं मेलेली. काठचं पाणीही तापलेलंच होतं. मनकर्णाने कळशी खाली ठेवली. "जगंल वाटलं हुतं," एवढंच म्हणाली.

वर्ष सरत आलं. पुढच्या उन्हाळ्यात बजरंगने विचारलं, "वयनी, जाळं सांधायला काढू का?"

"कशासाठी?" ती म्हणाली आणि खुरपं घेऊन दुसऱ्याच्या शेतात रोजाने निंदायला गेली.