पांढरा पुडा

सोनकांबळे सर गेल्याचा निरोप फोनवर आला, तेव्हा मी पुढच्या वर्षाच्या डिजिटल मार्केटिंगचा आराखडा संचालकांना समजावून देत होतो. फोन पालथा ठेवला आणि बोलत राहिलो... दीड महिना झाला, ते अजून सलतं आहे.

सर मूळचे नांदेडकडचे, हैदराबादच्या आमच्या चहा कंपनीत विक्री व्यवस्थापक. मी पुण्याहून एमबीए करून थेट त्यांच्यावर साहेब म्हणून आलो. पहिल्याच शनिवारी ते मला अंबरपेठेतल्या एका किराणा दुकानात घेऊन गेले. गल्ल्यामागे दोन स्टुलं. काही विचारायचं नाही, नुसतं बसून ऐकायचं, ही त्यांची पद्धत. तासाभरात बारा-पंधरा गिऱ्हाइकं आली. "वो लाल पुडा देना भाई." लाल पुडा आमचाच, पण आमच्या चहाचं नाव एकानंही घेतलं नाही.

"काय पुणेकर," सर म्हणाले, "तुमच्या लॅपटॉपात हा लाल रंग कुठं बसतो?"

मी हसलो. नंतर कितीतरी शनिवार आम्ही तसे बसलो. दुकानदार मधेच उस्मानिया बिस्किटं पुढे करायचा, सर अर्धं मला द्यायचे. धंदा मी तिथंच शिकलो, आणि तिथलंच विसरलो.

दोन वर्षांनी 'तरुण ग्राहक', 'प्रीमियम प्रतिमा' असं काय काय मांडून मी पुडा पांढरा केला. बैठकीत सर एवढंच म्हणाले, "लोक ओळखणार नाहीत, साहेब." त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला साहेब म्हटलं. विक्री कोसळली, लाल पुडा परत आणावा लागला. वरिष्ठांना दिलेल्या अहवालात मी कारण लिहिलं, विक्री विभागानं नवा पुडा दुकानांत नीट पोचवला नाही. विभाग म्हणजे सर. त्यांनी वाद घातला नाही. मुदतीआधीच निवृत्त झाले... आणि मी कधी भेटायला गेलो नाही.

गेल्या रविवारी बरकतपुऱ्याला त्यांच्या घरी गेलो. वहिनी चहा करत होत्या. ओट्यावर पांढरा पुडा होता. लाल परत आला तरी कंपनीतून तो अजून थोडाफार निघतो.

"हा कसा?" मी विचारलं.

"हाच आणायला लावायचे. दुकानदार लालच द्यायचा, तर मला वापस धाडायचे. म्हणायचे, पुणेकरनं लई मनापासून काढलाय, आपण तरी घ्यावा."

तिथंच, ओट्यापाशी उभं राहून, मी त्यांना त्या अहवालाचं सगळं सांगितलं. वहिनींनी पुड्याचं तोंड दुमडलं, रबर लावलं आणि तो फळीवर ठेवून दिला.