आधी ओळख मी दाखवायला हवी होती

काल एका माणसाच्या मयतीला गेलो आणि तिथं खोटं बोललो.

"आपण कोण?" त्यांच्या मेव्हण्यांनी विचारलं.

"आम्ही एका कंपनीत होतो," मी म्हणालो.

रशीदभाईंनी उभ्या आयुष्यात कंपनीत नोकरी केली नव्हती. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं त्यांचं छोटं दुकान होतं. हे तिथं बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं.

मी कोण, ते आज लिहितोय. बजाजनगरच्या शेजाऱ्यांनो, कंपनीतल्या मित्रांनो, पिशोरच्या भाऊबंदांनो, वाचा.

नऊ वर्षांपूर्वी मी दारूत पार बुडालो होतो. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना मला 'ॲसिडिटीचा त्रास' होता एवढंच ठाऊक आहे. ती बातमी मीच पसरवली होती.

बायकोनं कुठून तरी पत्ता मिळवला. रविवारी संध्याकाळी, एका शाळेच्या वर्गात, दारू सोडणाऱ्यांची मीटिंग. कागद माझ्या डब्यात ठेवला, पोळ्यांच्या खाली.

पहिल्या रविवारी शाळेवरून तीनदा गाडी नेली आणि घरी आलो. "बंद होती," म्हणून सांगितलं.

दुसऱ्या रविवारी ड्यूटीवरून थेट गेलो. गेटवर एक दाढीवाले गृहस्थ उभे होते. मी विचारलं, "इथं योगाचा क्लास असतो ना?"

"योगा सकाळी असतो. आत्ता दारूवाले बसतात," ते म्हणाले. "चला, मी बी त्यातलाच हाय."

हे रशीदभाई.

आत लहान पोरांचे बाक. मोठमोठी माणसं त्यात गुडघे दुमडून बसलेली. एकेकानं उठून नाव सांगायचं, आडनाव नाही, आणि पुढं म्हणायचं, मी दारुडा आहे.

मी नाव खोटं सांगितलं. खिशावर कंपनीचा बिल्ला तसाच होता, त्यावर खरं नाव. कुणीही हसलं नाही.

आमच्या मीटिंगचा एक नियम आहे. बाहेर कुठं भेट झाली तर आपण आधी ओळख दाखवायची नाही. समोरच्यानं दाखवली तरच बोलायचं. त्याच्याबरोबर कोण असेल, सांगता येत नाही.

रशीदभाईंना स्वतःसाठी या नियमाची गरज नव्हती. एकदा म्हणाले, "तुम्हाला घरचे बोलत असतील. मला तर पूरा मोहल्ला बोलायचा. मग मीच सगळ्यांना सांगून टाकलं. अब किससे छुपाऊं?"

मला दारू सोडून चाळीसेक दिवस झाले असतील, आमच्या सोसायटीची मोटार जळाली. सेक्रेटरींनी ज्यांना बोलावलं ते नेमके रशीदभाई.

माझ्याकडे त्यांनी नळाकडे बघावं तसं बघितलं. "साहेब, मेन स्विच बंद करता का?" एवढंच.

मी बंद केला.

ते वाकून मोटार खोलत होते. शेजारचे म्हणाले, "या मेकॅनिक लोकांचं काही खरं नाही हो. सकाळीच टाकून येतात."

मी हसलो. नुसता हसलो नाही, "तर काय," असंही म्हणालो.

चौदा वर्षं थेंबाला न शिवलेल्या माणसाबद्दल. मी, चाळीस दिवसांचा.

त्यांनी ऐकलं. हातातला पाना थांबला, मग परत फिरायला लागला.

पुढच्या रविवारी पाय निघत नव्हता. गेलो तर शेजारच्या बाकावर त्यांचा रुमाल ठेवलेला, माझी जागा धरून. मी माफी मागायला लागलो.

"नियम हाय ना," ते म्हणाले. "तुम्ही नाय मोडला, मी बी नाय मोडला. चाय घ्या."

तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. आज त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

त्यानंतर ते कितीदा तरी दिसले. भाजी घेताना, पैठणच्या बसस्टँडवर, एकदा तर लग्नाच्या पंगतीत समोरच. दरवेळी ते क्षणभर थांबायचे, मी बोलतो का ते बघायचे. मी मोबाईल काढायचो. बरोबर कुणी नसलं तरी काढायचो.

नऊ वर्षं. नियम होता, माझं बरं चाललं होतं.

काल ते मेव्हणे विचारत होते, "कंपनीत? कौनसी कंपनी?" आणि मी जमिनीकडे बघत होतो. तेवढ्यात रशीदभाईंचा मुलगा पाण्याचा ग्लास घेऊन आला.

"मामू, इनको नक्को पूछो," तो म्हणाला. मग माझ्याजवळ वाकून, हळू आवाजात, "अब्बा दवाखान्यात सांगून गेले. मीटिंगवाले येतील, ओळख सांगणार नाहीत. कुणी विचारू नका. बसवा, पाणी द्या."

मरता मरता हा माणूस माझी लाज झाकायची सोय करून गेला.

कब्रस्तानात तीन मुठी माती टाकली आणि घरी आलो.

आज सकाळी त्यांच्या मुलाला फोन केला. त्यांच्याबद्दल लिहू का, विचारलं.

"लिहा ना काका. अब्बांनी कुठं लपवलं होतं?"

तर लिहितो.

माझं नाव सुधाकर. मी दारुडा आहे. नऊ वर्षं प्यायलो नाही, ते रशीदभाईंमुळे. ते माझ्या कंपनीत नव्हते. माझ्या शेजारच्या बाकावर होते.

रशीदभाई, आज आधी मी ओळख दाखवतोय. तुम्ही वाट बघत होतात, तेव्हा दाखवली नाही.

सलाम.