खांबाला लागलेला गोल

शिरीषच्या बायकोचा, मैथिलीचा, मेसेज आला तेव्हा मी ऑफिसात होतो. ग्रुप खेळाचा, म्हणजे रविवारच्या प्रॅक्टिसचंच काहीतरी असणार, असं धरून मी न वाचताच अंगठा दाखवला. मग वाचलं... शिरीष गेला होता. अंगठा काढेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. शिरीष असता तर महिनाभर पुरवून पुरवून हसला असता.

तो मेलबर्नमध्ये वाढलेला. कॉम्प्युटर चिपच्या कंपनीतल्या नोकरीसाठी इकडे अमेरिकेत, चँडलरला आला, तो ऑस्ट्रेलियन फुटबॉल बरोबर घेऊनच. लांबट चेंडू, हातानं झेलायचा, पायानं मारायचा. टोकाला चार खांब; मधल्या दोन खांबांतून गेला की गोल, सहा गुण. खांबाला नुसता घासला तरी एकच. शिरीष आमच्या हौशी क्लबचा फॉरवर्ड. समोरच्याच्या पाठीवर गुडघा टेकून उडायचा, चेंडू झेलायचा आणि मग इतक्या सावकाश मारायला निघायचा, की वाटे भाजी आणायला चाललाय. दरवर्षी सर्वांत जास्त गोल त्याचेच. मला एकदा खेळताना पाहून म्हणाला, "मंग्या, तू पळू नकोस यार, बघवत नाही. खांबांपाशी उभा राहा." असा मी गोल-अंपायर झालो. गोलला दोन झेंडे, खांबाला लागला तर एक. पहिल्याच दिवशी मी दोन्ही झेंडे एकमेकांत गुंतवून ठेवले.

ती फायनल त्याची शेवटची मॅच, हे आम्हाला ठाऊक होतं. पुढच्या आठवड्यात केमो सुरू होणार होती. आणि फायनल आम्ही कधीच जिंकलो नव्हतो. अगदी शेवटी दोन गुणांनी मागे. शिरीषनं मारला, चेंडू आत! मी दोन्ही झेंडे उचलले. तो नाचायचं सोडून माझ्याकडे चालत आला.

"खांबाला लागला रे."

"गप! कुणी पाहिलं नाही."

"मी पाहिलं ना. एक दाखव."

दाखवला. एका गुणानं हरलो. परतताना गाडीत मी चिडचिड केली, तर म्हणाला, "आधीचे सगळे गोल खरे आहेत यार. त्यांत हा बसवला असता, तर मला त्यांच्यावरही डाऊट आला असता."

गेल्या रविवारी त्याच्या घरी जमलो. खिडकीपाशी त्याची खुर्ची होती. कुणी बसत नव्हतं. मी नेलेले मेथीचे पराठे खाऊन त्याची आई म्हणाली, "छान झालेत रे, तू केलेस?" मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं... आणि नजर खुर्चीकडे गेली.

"नाही मावशी, फ्रोझन आहेत."

"माहितीये," मावशी म्हणाल्या, "आमच्याकडेही तेच असतात." आणि तो गेल्यापासून पहिल्यांदा हसल्या.