सतरा नंबरच्या घरातली दुचाकी

गल्लीत तिला सगळे ‘धोरणी’ म्हणत. हे नाव तिला तिच्या पदवीनं चिकटवलं होतं, स्वभावात तसं काही नव्हतं. शाळा संपल्यावर कुणाची मुलगी डॉक्टर होते, कुणाची मास्तरीण होते, कुणाची नुसतीच मोठी होते. ही म्हणाली, मी सार्वजनिक धोरण शिकणार. तीन वर्षांची पदवी. वाण्याच्या पायरीवर ही बातमी फुटली तेव्हा शिंपीणकाकूंनी सुईतला दोरा दातानं तोडत विचारलं, “धोरणी व्हायला तीन वर्षं कशाला लागतात गं? माझी जाऊ पोटातून शिकून आलीय.” झालं. त्या दिवसापासून पोरीचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं.

आईला मात्र हे शिक्षण काय आहे ते एका बैठकीत कळलं. रस्ता कुठून न्यायचा, दवाखाना किती वाजता उघडायचा, रांगेत आधी कोण, हे कोण ठरवतं आणि कशावरून ठरवतं ते शिकवतात, असं मुलीनं सांगितलं. आई म्हणाली, “म्हणजे आपल्यावर जे येऊन आदळतं, ते जिथून निघतं तिथलं शिक्षण. शीक बाई. एक माणूस तरी असू दे आपलं तिथे.”

आई मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात होती. तिथे दोन बाजू असतात. ओल्या बाजूला यंत्रातून निघालेल्या चिंब चादरी ओढून काढायच्या, पिळायच्या, गाड्यावर चढवायच्या. पायाखाली कायम पाणी आणि औषधाच्या वासानं डोळे चुरचुरलेले. कोरड्या बाजूला टेबलं, इस्त्री आणि घड्या. ओल्या बाजूला नऊ वर्षं काढल्यावर आईला कोरड्या बाजूचं टेबल मिळालं होतं, आणि त्या दिवशी ती घरी अशी आली होती की जणू तिला खुर्चीच दिली आहे. मुकादमाचा नियम एकच होता: सहाच्या ठोक्याला जो हजर नाही तो त्या दिवशी ओल्या बाजूला. महिन्यात चार वेळा उशीर झाला की टेबल दुसऱ्याला. तसा मुकादम वाईट नव्हता, पण घड्याळापुढे त्याला आईबाप दिसत नसत.

कॉलेजात धोरणीनं सांगितलं होतं, “आई रुग्णालयात असते.” हे खोटं नव्हतं. ऐकणाऱ्यानं मनात परिचारिकेचा पांढरा पोशाख घातला, तर तो काढायची जबाबदारी आपली नाही, असं तिनं स्वतःला समजावलं होतं. वर्गातल्या कामांत तिची जोडीदारीण दंतवैद्याची मुलगी. हसरी, भाबडी, डब्यातलं अर्धं पुढे करणारी. कुणी हिणवलं असतं तर निदान रागावायला जागा मिळाली असती; इथे तीही नव्हती. लाज होती ती सगळी हिच्या स्वतःच्या घरची.

दुसऱ्या वर्षी सर्वेक्षण आलं. परिवहन कचेरीला बसचे मार्ग नव्यानं आखायचे होते आणि कॉलेजला विद्यार्थ्यांना कामाला लावायचं होतं, तेव्हा दोघांचं जमलं. पावणेसहाची पहिली बस मोठा रस्ता सोडून चढावर धोरणीच्या गल्लीपर्यंत यायची आणि परत फिरायची. तिकिटाचा दर चढाच्या पायथ्याच्या पुलापासून गल्लीपर्यंत एकच, म्हणून तिकिटांवरून कळेना की माणसं पुलावर चढतात की गल्लीत. ते घरोघर विचारूनच कळणार होतं. क्षेत्रभेटीच्या बाईंनी फळ्यावर एकच ओळ लिहिली: दार वाजवल्याशिवाय आकडा नाही. बाकी सगळं पुस्तकात आहे, म्हणाल्या, एवढं एकच पुस्तकात नाही.

चिठ्ठ्या टाकल्या आणि दोघींच्या वाट्याला धोरणीचीच गल्ली आली. सव्वीस घरं.

“किती मस्त!” दंतवैद्याची मुलगी म्हणाली. “तुझ्याकडेच चहा पिऊ. काकूंना भेटायचंच होतं मला.”

 दारामागच्या दोरीवर वाळणारा आईचा रबरी एप्रन धोरणीच्या डोळ्यांपुढे आला. ती घाईघाईनं म्हणाली, “तू कशाला चढ चढतेस? माणसं ओळखीची आहेत, मी एकटी करते. तू आकडे संगणकात भर.” भाबडी मुलगी तयार झाली. मग धोरणीच्या लक्षात आलं की संगणकात भरताना तिला प्रत्येक घराचा कागद दिसणार, तिच्या स्वतःच्या, सतरा नंबरचासुद्धा. नावाखाली पत्ता, पत्त्याखाली काम.

त्या दुपारी आई कामावर असताना ती पलंगावर मांडी घालून बसली आणि सतरा नंबरचा कागद भरला. काम: रुग्णालयात, कार्यालयीन. वाहन: दुचाकी. सकाळी सातच्या आधी बस वापरता का: नाही. लिहिताना पेन एकदाही अडलं नाही, हे तिला पुढे फार टोचलं. पण एका घरात दुचाकी आली की शेजारची घरं उघडी पडतात. धुलाईघरातल्या आणखी सहा बायका त्याच गल्लीत होत्या, त्याच बसनं जायच्या. सातही बायका एकाच रुग्णालयात, त्यातली एकच कार्यालयीन, हे कुणालाही खटकलं असतं. एक खोटं झाकायला शंभर लागतात म्हणतात. हिला सहा पुरली. सहाहीजणींची कामं बदलली; कुणाला दुचाकी दिली, कुणाला मुलाच्या गाडीवर बसवलं, एकीला तर घरीच बसवलं. उरलेली घरं तिनं माहितीप्रमाणे भरली. आपण सगळ्यांना ओळखतो, मग विचारायचं काय, असंही मनात आलं. दार एकही वाजवलं नाही.

अहवालाला वर्गात पहिला क्रमांक मिळाला. आईनं ती बातमी धुलाईघरात दोन्ही बाजूंना सांगितली; अहवाल कशाचा, ते तिनं विचारलं नव्हतं आणि हिनं सांगितलं नव्हतं.

चार महिन्यांनी थांब्याच्या खांबावर कागद लागला. पहिली बस यापुढे पुलावरूनच वळेल. अल्प वापरामुळे गल्लीचा फेरा बंद. निर्णय घरोघरच्या सर्वेक्षणावर आधारित. धोरणीनं तो कागद कॉलेजला जाताना वाचला. पहिल्यांदा तिला वाटलं, ही दुसरी कुठली तरी गल्ली असेल. मग तिनं थांब्याचं नाव पुन्हा वाचलं आणि तिथेच फुटपाथवर बसली. तिला ओरडावंसं वाटलं, पण कुणावर?

पूल पंचवीस मिनिटांवर, तोही उतारानं. आईचा गुडघा उतारावर आधी बोलतो. आई अर्धा तास आधी निघू लागली, तरी पहिल्या आठवड्यात दोनदा बस डोळ्यांसमोरून गेली. तिसऱ्या आठवड्यात एके संध्याकाळी ती चहाचा कप दोन्ही हातांनी धरून बसली होती. बोटं पांढरी पडली होती आणि टोकांना सुरकुत्या होत्या.

“ओल्या बाजूला होतीस?” धोरणीनं विचारलं.

“आज माणसं कमी होती तिकडे,” आई म्हणाली. दुसऱ्या दिवशीही कमी होती. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. मग धोरणीनं विचारायचं सोडून दिलं, कारण टेबल गेलं होतं आणि ते दोघींनाही माहीत होतं.

रविवारी धुलाईघरातल्या सहाजणी आणि त्यांच्याबरोबर शिंपीणकाकू अशा सगळ्या सतरा नंबरात जमल्या. अर्ज लिहायचा होता. धोरणीला मध्ये बसवलं, कागद दिला, पेन दिलं.

“आता तुझ्या शिक्षणाचा उपयोग,” एक जण म्हणाली. “असं लिही की वाचणाऱ्याला घाम फुटला पाहिजे.”

घाम लिहिणारीलाच फुटला होता. ‘विषय:’ एवढं लिहून तिचं पेन थांबलं.

“घरोघर विचारलं म्हणे,” शिंपीणकाकू शेजारी बसलेलीला म्हणाल्या. “तुझ्याकडे आलं होतं का गं कुणी?”

“माझ्याकडे नाही.”

“माझ्याकडेही नाही,” काकू म्हणाल्या. “ मी तर दिवसभर दारातच असते.”

“म्हणजे घरी लोळत भरलंय कुणीतरी!” त्यांचा आवाज चढला. “कुठली ऐतखाऊ भवानी असेल ती. तळपट होवो तिचं!”

“शाप नका देऊ हो,” आई म्हणाली. “कुणाचं तरी लेकरू असेल. आईला बिचारीला माहीतही नसेल.”

धोरणीनं अर्ज लिहून पूर्ण केला. कसा, ते तिला आठवत नाही. सगळ्यांनी सह्या केल्या आणि जाताना तिच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या सात हातांपेक्षा सात थपडा बऱ्या, असं तिला वाटलं.

बायका गेल्यावर तिनं दार लावलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. आई भाजी निवडत होती. निवडायची थांबली नाही.

“दुचाकी लिहिलीस?”

“हो.”

“रंग कोणता लिहिलास?”

“रंग विचारत नाहीत, आई.”

“विचारला असता तर लिहिला असतास.” आईनं देठं एका बाजूला सारली. “आणि मला काय केलंस?”

“कार्यालयात.”

“बसवलंस म्हणजे खुर्चीवर.” आई हसल्यासारखी झाली, पण ते हसू नव्हतं. “त्यापेक्षा एप्रन आत ठेव म्हणाली असतीस तर ठेवला असता मी. माझी लाज वाटते हे मला सांगायचं होतंस, त्यांना कशाला सांगितलंस?” एवढं बोलून ती उठली आणि भाजी धुवायला गेली. त्यानंतर घरात कामापुरतं बोलणं उरलं.

दुसऱ्या दिवशी धोरणी क्षेत्रभेटीच्या बाईंच्या खोलीत गेली. अर्ज पुढे ठेवला आणि म्हणाली की या सह्या ज्यांच्या आहेत, त्यांचे कागद मी घरी बसून भरले. बाईंनी कपाटातून गठ्ठा काढला, सव्वीस कागद टेबलावर पसरले आणि एकेक बघत गेल्या. सगळीकडे एकच शाई, एकच सरळ अक्षर. एवढं सुंदर अक्षर दारात उभं राहून येत नाही, हे आपल्या लक्षात यायला हवं होतं, असं त्या स्वतःशीच पुटपुटल्या. त्या ओरडल्या नाहीत. अहवाल मागे घेतल्याचं पत्र कचेरीला गेलं. धोरणीची क्षेत्रभेट शून्य धरली, ती पुढच्या वर्षी पुन्हा. म्हणजे पदवी लांबली. कचेरीनं कळवलं की नवे कागद आले तर फेऱ्याचा पुन्हा विचार होईल, खात्री देता येत नाही.

“नवे कागद मी भरते,” धोरणी म्हणाली.

“भरशीलच. पण या वेळी दोघी जा,” बाई म्हणाल्या. “आणि प्रत्येक दारात आधी सांग, मागचा कागद कुणी भरला होता.”

पुढच्या रविवारी दंतवैद्याची मुलगी चढ चढून आली. चढभर ती दोन पावलं मागेच राहिली. तिचंही नाव त्या अहवालावर होतं. पहिल्या दारापासून धोरणीनं सांगायला सुरुवात केली. कुणी दार अर्धवट लावून घेतलं, कुणी नुसतं बघत राहिलं. शिंपीणकाकूंनी सगळं ऐकून घेतलं, उत्तरं दिली आणि शेवटी म्हणाल्या, “माझा शाप मी परत घेते. तो तुला कसा देऊ?” आणि डोळे पुसत आत गेल्या. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

सतरा नंबर तिनं शेवटी ठेवला होता. घराची किल्ली खिशात होती. तिनं दार वाजवलं.

आईनं दार उघडलं. तिच्यामागे दोरीवर एप्रन वाळत होता. तिनं दोघींकडे पाहिलं आणि बाजूला न होता उंबऱ्यातच उभी राहिली.

“बोला,” आई म्हणाली. जन्मात पहिल्यांदा तिनं मुलीला अहोजाहो केलं.

“मागचा कागद मी भरला होता. खोटा.”

“ऐकलंय. विचारा.”

“घरात माणसं किती?”

“दोन.”

“वाहन?”

“नाही.”

“सातच्या आधी बस लागते का?”

“लागते. आठवड्यातून सहा दिवस.”

“कामाचं ठिकाण?”

“रुग्णालय.”

“काम?”

आईनं दंतवैद्याच्या मुलीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “ते तुम्हीच सांगा. मागच्या वेळीही तुम्हीच सांगितलं होतं.”

धोरणीनं कागदावरून नजर उचलली. पाठीमागच्या पायरीवर मैत्रीण उभी होती.

“धुलाईघरात,” धोरणी म्हणाली. आवाज नीट फुटला नाही म्हणून तिनं पुन्हा म्हटलं. “माझी आई रुग्णालयाच्या धुलाईघरात आहे.”

“कुठल्या बाजूला?” आईनं विचारलं.

कागदावर त्याला रकाना नव्हता. तिनं समासात लिहिलं: ओल्या.